धाकटीचा तीळ

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आणि समजा वाटलीच, तर त्यात सांगणाऱ्याचाच कमीपणा. सबंध आयुष्य थापा मारण्यात घालवल्यावर उतारवयात लोक विश्वास ठेवायला लागले, तर माणसानं जगायचं कसं?

पण बाकावर बसलेल्या तिन्ही पोरींना वेळ काढायचा होता. मुलींच्या कॉलेजच्या प्रवेशअर्जांचे दिवस होते आणि तिघींना अर्जावर चिकटवायला फोटो हवे होते. कोपऱ्यावरचं यंत्राचं दुकान उघडं असतं, तर चहा निवायच्या आत फोटो हातात पडला असता. ते बंद होतं, म्हणून त्या नाइलाजानं या जुन्या स्टुडिओची पायरी चढल्या. इथं फोटो अजून अंधारखोलीत धुतला जातो, दोरीवर वाळतो आणि मग मिळतो. तोवर बाकावर बसायचं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला शेजारचा म्हातारा फ्रेमवाला असला तर तो सांगेल ते ऐकून घ्यायचं, अशी तिथली रीतच पडून गेली होती.

एकीच्या गालावर मुरूम होता. तिनं हळूच विचारलं, "काका, हा फोटोतनं काढून टाकतील का हो?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे बोट केलं. पाटी होती: 'येथे टचिंग होत नाही. जसा चेहरा तसा फोटो.'

"एवढ्याशा मुरुमाला कसलं टचिंग?"

"एवढ्याशाच ठिपक्यावरनं झालंय हे सगळं," म्हातारा म्हणाला. अंधारखोलीच्या काळ्या पडद्याकडे त्यानं एकदा पाहिलं, पाय वर घेतले आणि सुरू केलं.

या स्टुडिओच्या मालकांना सगळे फोटोवाले म्हणत. फोटो काय, कुणीही काढतो. फोटोवाल्यांचा हात होता तो टचिंगचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तिथं सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं अलगद शिसं लावलं की फोटोत ती जागा उजळते. सुरकुती जाते, मुरूम जातो, कर्जात बुडालेला माणूस नुकताच बढती मिळाल्यासारखा दिसायला लागतो. उलट, चाकूच्या टोकानं खरवडलं की तिथं काळं उमटतं. पण चाकू त्यांना क्वचितच लागे. "लोक माझ्याकडं काहीतरी घालवायला येतात," ते म्हणत, "लावून घ्यायला कोण येतंय?" शिवाय बारीक ब्रश आणि शाईची बाटली असायची, तयार फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहिले तर ते बुजवायला.

हात असा, की एका गृहस्थांची नाकावरची चामखीळ त्यांनी घालवली. ते गृहस्थ फोटो घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आले. म्हणाले, आरशातली पण गेली, नाकाला हलकं हलकं लागतंय, माझी मला परत द्या. एका टकल्या कारकुनाला फोटोत केस दिले, तर तो निवृत्त होईपर्यंत खिशात कंगवा घेऊन फिरला.

"काहीही," मुरूमवाली म्हणाली.

"कंगवा अजून आहे त्याच्या मुलाकडं. बघायचाय?"

बघायचा नव्हता कुणाला. म्हातारा पुढं निघाला.

फोटोवाल्यांना दोन मुली. थोरली आणि धाकटी. थोरलीच्या हनुवटीवर, जराशी डावीकडं, काळाभोर तीळ होता. मुलींच्या कॉलेजात अर्ज करायची तिची वेळ आली तेव्हा बाबांनी तिला याच स्टुलावर बसवलं, फोटो घेतला, निगेटिव्ह धुतली आणि पेन्सिलीला टोक काढलं. थोरली मागं येऊन उभी राहिली. "बाबा, तिळाला हात लावायचा नाही. तीळ गेला तर कॉलेजवाले विचारतील, ही कोण?"

"बरं दिसतं काढलं की."

"तुम्हाला बरं दिसतं. मला मी दिसले पाहिजे."

बाबांनी हसून पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या चेहऱ्यांत जसाच्या तसा सुटलेला तो एकच ठिपका.

थोरलीला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या मोठ्या बाईंना भेटून आली, तेव्हा जेवायला बसायच्या आधी सांगून टाकलं, की प्रयोगशाळेच्या खिडक्या उत्तरेकडं आहेत. या घरात तो पहिला प्रश्न असे. कुठंही जा, दवाखान्यात, शाळेत, कुणाच्या नव्या घरी, बाबा विचारणार, उजेड कुठल्या बाजूनं येतो? उत्तरेचा उजेड शांत असतो, ऊन आत घुसत नाही, चेहऱ्यावर सावली वाकडी पडत नाही. बाबांचं ऐकून ऐकून मुलींनाही तीच खोड लागलेली. आई म्हणायची, या पोरी सासरी गेल्या तर नवऱ्याच्या आधी खिडकी बघतील.

कॉलेज उघडायच्या आधी थोरलीला ताप भरला, आणि कॉलेज उघडलं तेव्हा ती नव्हती.

अर्जाच्या त्याच निगेटिव्हवरून मोठा फोटो केला. फ्रेमही शेजाऱ्याकडंच केली. त्या फ्रेमवाल्याच्या हातून उभ्या जन्मात एकच फ्रेम वाकडी निघाली, ती ही. समोरच आहे, पाटीच्या बाजूला. कोपरे बघा. दुरुस्त करून देतो म्हणाला तो कैकदा, पण कुणी भिंतीवरून उतरवू दिली नाही.

तिघी पोरींनी मान वर करून पाहिलं. फ्रेमचा एक कोपरा खरंच उघडा होता. आतली मुलगी हसत नव्हती, पण आता हसेल अशी बसली होती. हनुवटीवर तीळ होता.

त्यानंतर घर चालत राहिलं, पण चावी दिलेल्या खेळण्यासारखं. बाबा काम करत होते. गिऱ्हाइकाला हनुवटी खाली घ्या, हलू नका, एवढं बोलत. घरात तेवढंही नाही. जेवायला हाक मारताना त्यांच्या तोंडून "थोर—" एवढं यायचं आणि जीभ चावल्यासारखे गप्प बसायचे. मग त्यांनी हाक मारणंच सोडलं. धाकटीकडं बघत ते असं, की एखादा फोटो काढायला घेतला आणि भलताच उमटला.

धाकटीच्या अंगावर थोरलीचे कपडे, पायात थोरलीच्या चपला, अभ्यासाला थोरलीचं टेबल. रस्त्यानं निघाली की दुकानदार एकमेकांना सांगत, "ही थोरलीची धाकटी." तिच्याबद्दल कुणाला दुसरं काही माहीत नव्हतं, आणि कुणाला ते विचारायचंही नव्हतं. जाणारी बहीण मागं राहिलेलीला घेऊन गेली होती, नुसते कपडे ठेवून.

दोन वर्षांनी धाकटीच्या अर्जाची वेळ आली. तिला रसायनशास्त्र हवं होतं आणि ते त्याच कॉलेजात होतं. पण खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कॉलेजात थोरलीला कुणी ओळखत नव्हतं. ती एकदाच तिथं गेली होती, मुलाखतीपुरती. सगळ्या गावात तेवढी एक जागा अशी होती जिथं धाकटी नुसती स्वतः असणार होती. तिला वर्गात प्रवेश हवा होताच, पण त्याहून जास्त तो स्वतःच्या चेहऱ्यावर हवा होता.

बाबांनी तिला स्टुलावर बसवलं. हनुवटी खाली. थोडी डावीकडं. हलू नकोस. फोटो झाला, आणि दुपारी टचिंगच्या टेबलावर बसल्या बसल्या बाबा गुणगुणायला लागले.

आई आतून आली. धाकटी आणि ती दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. दोन वर्षांत त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. धाकटीला वाटलं, बाबा माझा चेहरा बघतायत. इतके जवळून, इतका वेळ. ती मुद्दामच टेबलापाशी गेली नाही, कारण बघायला गेलं तर गुणगुणणं थांबेल.

फोटो अर्जावर बाबांनीच चिकटवला. इतरांनी चिकटवलेल्या फोटोखाली फुगे राहतात असं त्यांचं मत. अर्ज लिफाफ्यात घालून तिच्या हातात दिला. कॉलेजच्या अर्ज घ्यायच्या खिडकीपर्यंत तिनं तो उघडला नाही, दुमडू नये म्हणून छातीशी धरून चालत गेली.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज काढला, फोटो पाहिला, चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "हा कुणाचा फोटो?"

"माझा."

"तोंड इकडं कर. उजेडात ये." बाईंनी पेनाच्या मागच्या टोकानं फोटोवर टिचकी मारली. "हिला तीळ आहे. तुला कुठाय? बहिणीचा लावलास का? दरवर्षी असतेच एखादी. घरातली सगळ्यात देखणी बघायची आणि तिचा चिकटवायचा. आम्ही काय डोळे मिटून बसलोय इथं?"

धाकटीनं अर्ज हातात घेतला. कॉलर तिची होती. केसातली पिन तिची होती, एका बाजूनं वाकलेली. वरचं बटण तुटलं होतं ते तिचंच. आणि त्या कॉलरवर थोरली बसली होती. गाल थोडे आत घेतलेले, हनुवटीवर जराशी डावीकडं काळा ठिपका. जिथं असायचा अगदी तिथं.

"उद्या संध्याकाळी खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडाचा आण."

घरी आल्यावर तिनं फोटो बाबांपुढं ठेवला. बाबांनी भिंग लावलं. "तुझाच आहे की. ही पिन बघ, सरळ कर म्हटलं होतं मी."

"हनुवटी बघा, बाबा."

ते बघत राहिले. मग भिंग ठेवलं, हात पुढं केला आणि तिच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला, डाग असला तर निघावा तसा. डाग नव्हता. त्यांनी स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून पाहिला.

"हात गेला असेल," ते म्हणाले. "परत काढू."

"टचिंग करू नका पण."

"नाही करत."

परत स्टूल, परत हनुवटी खाली. फोटो धुतला, दोरीवर लावला. धाकटी दोरीखाली पहारा देत उभी. फोटो स्वच्छ होता. तिचा होता, गोल गालांचा, जरा घाबरलेला, कुठंही काही नाही. तिला तो आवडला. इतका वेळ स्वतःकडं तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाबा म्हणाले, घोटभर चहा टाक, तोवर वाळेल. चहाला उकळी यायला लागते तेवढ्याच वेळासाठी ती आत गेली.

कप घेऊन बाहेर आली तर ब्रश ओला होता आणि फोटोत तीळ होता.

"बाबा."

"काय गं?"

"तुम्ही काय केलंत हे?"

"मी कुठं काय केलं?" ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. तोंडावर निव्वळ समाधान होतं, काम नीट झाल्यावर असतं तसं. "वाळला बघ. अगदी तू."

धाकटी कप तिथंच ठेवून आत आली. आईला सांगायची गरज पडली नाही, तिनं दारातून पाहिलं होतं. "त्यांना सांगून उपयोग नाही," आई म्हणाली. "ऐकतात ते. पण हाताला कान नसतात."

"मग मी काय करू?"

"चौकातल्या स्टुडिओत जा. अर्ध्या तासाचं काम."

धाकटी गेली. चौकातल्या स्टुडिओच्या मालकानं तिला पायरीवरच ओळखलं. उठून उभा राहिला, खुर्ची पुसली. "या, या. बाबांची तब्येत बरी आहे ना? नाही, म्हटलं, त्यांची मुलगी आमच्याकडं..." एवढ्या गोडीनं विचारलं की त्यात मीठ होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, फोटोवाल्यांचा हात गेला, लेकीचा फोटोसुद्धा काढता येत नाही. तेवढा एक हातच उरला होता त्यांच्याकडं.

"किती वाजता उघडता ते विचारायला आले होते," धाकटी म्हणाली.

"उघडंच आहे की."

"हो, दिसलं," असं म्हणून ती मागं फिरली.

"मग दुसरा फोटो आणला कुठून?" बाकावरची दुसरी पोर मध्येच म्हणाली.

"आणलाच नाही," म्हातारा म्हणाला. "फोटो तोंडासारखा होईना, तर तोंड फोटोसारखं करायचं. फोटोवाल्याच्या मुलीलाच सुचणार हे. तुम्हाला मला नाही सुचायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं टेबलावरचा ब्रश आणि शाईची बाटली उचलली आणि न्हाणीतल्या आरशापुढं उभी राहिली. पहिला फोटो चिकटवलेला अर्ज आरशाच्या काचेला टेकवून ठेवला. गालांचं काही करावं लागलं नाही, काल दुपारपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. राहिला तीळ. फोटोत बघितलं, आरशात बघितलं, श्वास धरला आणि टेकवला ब्रश.

मागं आई केव्हा आली ते तिला कळलं नाही.

"उलट्या बाजूला काढलास," आई म्हणाली. "फोटो वेगळा, आरसा वेगळा. फोटोवाल्याची मुलगी ना तू? तिचा डाव्या अंगाला होता."

सवयीनं बोलली. त्या घरात कुणी चुकलं की चूक सांगायची, एवढंच. बोलून गेल्यावर काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि ती दाराच्या कडेला धरून खाली बसली. धाकटीनं साबणानं ठिपका धुतला. आता डावीकडं काढायचा होता. आरशात डावं कुठलं तेच तिला ठरेना.

"आण इकडं," आई खालूनच म्हणाली. धाकटी तिच्यासमोर बसली. आईनं एका हातानं तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्यानं ब्रश टेकवला. एकदाच. मोजायची गरज नव्हती, ती जागा तिनं अंघोळी घालून घालून पाठ केलेली होती. ब्रश खाली ठेवल्यावर तिनं वर पाहिलं नाही. "जा आता," म्हणाली. "आणि आल्या आल्या पूस. मला दाखवू नकोस परत."

बाहेर पडायला वाट स्टुडिओतूनच होती. बाबा टेबलावर वाकलेले. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली आणि भिंग हातातच राहिलं.

"आलीस?" ते म्हणाले.

धाकटीला त्या एका शब्दानं जागच्या जागी खिळवलं. तिच्याकडं इतक्या मायेनं बघून ते दोन वर्षांनी बोलले होते, आणि तिच्याशी बोलले नव्हते.

"जातेय, बाबा. कॉलेजला."

"जा, जा. प्रयोगशाळेच्या खिडक्या कुठल्या बाजूला ते विचार."

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट केला, चष्मा वर ढकलला. "हं. आज जुळतंय. काल तीळ कुठं ठेवून आली होतीस?"

"घरी राहिला होता."

"नशीब, नाक नाही राहिलं. जा, मोठ्या बाईंना भेटून जा."

मोठ्या बाई म्हणजे कॉलेजच्या प्राचार्य. येणाऱ्या प्रत्येक मुलीला स्वतः भेटायच्या. खोलीत पुस्तकांचा वास होता आणि खिडकी पूर्वेला, त्यामुळं बाईंच्या अर्ध्या तोंडावर ऊन होतं. धाकटीनं ते पाहिलंच, पाहिल्याशिवाय तिला बसता आलं नसतं.

"रसायनशास्त्रच का?"

"चांदी उजेडात काळी पडते ते मी लहानपणापासून बघतेय. का पडते ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही."

बाई पहिल्यांदाच नीट टेकून बसल्या. अजून काही विचारलं, गणिताचं, भाषेचं. धाकटी उत्तरं देत गेली आणि उत्तरं तिची स्वतःची होती. हनुवटीचा तिला थोडा विसरच पडला. शेवटी बाई म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय?"

"प्रयोगशाळेच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?"

तोंडून निघून गेलं. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे, ती अशीही विचारणार होतीच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला आधी एकीनं विचारलंय. दोनएक वर्षं झाली. इतक्या मुली येतात, फी विचारतात, सुट्ट्या विचारतात. खिडक्या तिनंच विचारल्या, म्हणून राहिली लक्षात. जागा दिली होती आम्ही. आलीच नाही. नाही म्हणून निरोपही नाही." त्या पुढं वाकल्या आणि तिच्या हनुवटीकडं बघत राहिल्या. "राग आला होता मला तिचा. एखाद्या दुसऱ्या मुलीची जागा अडवून गेली. तूच ना ती?"

नाही, एवढा एकच शब्द होता. त्याच शब्दासाठी धाकटी इथवर आली होती. आणि तो ओठांवर असताना तिला दिसलं, की दोन वर्षं या खोलीत थोरलीवर कुणीतरी रागावून बसलं होतं. घरात कुणाला सुचलंच नव्हतं कळवायचं. सगळ्या गावानं जिला रडून निरोप दिला, तिला इथं मात्र बेपर्वा पोर म्हणून लिहून ठेवलं होतं. तिची बाजू घ्यायला इथं दुसरं कोण होतं?

"हो, बाई," धाकटी म्हणाली. "यायला उशीर झाला."

मोठ्या बाईंनी अर्ज पुन्हा ओढून घेतला. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. वर बघितलं, मग परत तारीख वाचली. काय समजल्या, काय नाही, देव जाणे. सही केली आणि कागद पुढं सरकवताना म्हणाल्या, "उत्तरेकडं आहेत. तेव्हाही होत्या."

बाकावर तिघी पुढं सरकल्या. म्हाताऱ्यानं गुडघे चोळले. गोष्ट फार खरी व्हायला लागली की त्याला बसवत नसे.

तर पोरींनो, तीळ त्याच संध्याकाळी पुसायचा होता. पण घरी आली तर बाबा पायरीवर उभे. ताटावर बसले, दोनदा वाढून घेतलं, प्रयोगशाळेची चौकशी केली. कशी पुसणार? दुसऱ्या दिवशी पुसला, तर बाबा सगळा दिवस भिंतीकडं तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं ब्रश उचलला. आईनं तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडं बघायची सवय लावून घेतली, ती शेवटपर्यंत मोडली नाही. म्हणजे एकाच घरात बाप हनुवटीकडं बघायचा, आई कानाकडं, आणि धाकटीचं तोंड त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी.

कॉलेजात काय विचारता. मुली तिला तीळबाई म्हणायच्या. हिला असा देखणा तीळ आणि आपल्याला नाही, म्हणून सबंध वर्ग शाईनं तीळ काढून यायला लागला. सरांना वाटलं साथ आली. डॉक्टर बोलावले, वर्ग बंद ठेवायची वेळ आली.

"काका, पुरे," मुरूमवाली म्हणाली, पण हसली. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं. हसलेल्या पोरींना घेऊन त्याला तिथून लवकर पुढं जायचं होतं.

आणि खरी गंमत तर शेवटी. शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक. आदल्या रात्रीच्या अभ्यासानं धाकटीला जाग आली नाही. उठली ती धावत सुटली. ब्रश नाही, शाई नाही. परीक्षेत हातात नळी, आणि एकदम आठवलं, तीळ राहिला. सकाळी बाबांना तोंड दाखवलंय आपण, तसंच, कोरं. प्रात्यक्षिक कसं दिलं तिचं तिला माहीत. भीत भीत घरी आली. तर बाबा नेहमीसारखे, "आलीस? कसं झालं?" आत जाऊन आरशात बघते, तर हनुवटीवर तीळ. डावीकडं, जागच्या जागी. साबण लावला, जाईना. स्पिरिट लावलं, जाईना. कातडीतून उगवला होता. इतकी वर्षं रोज एका जागी आठवण काढली की कातडीलाही कीव येते. त्या दिवसापासून आजपर्यंत तिला ब्रशला हात लावावा लागला नाही. मोकळी झाली पोर. आता तीळही तिचा आणि तोंडही तिचं. खोटं असेल तर ही फ्रेम माझ्या डोक्यात पडो.

तिघींनी आधी फ्रेमकडं पाहिलं, मग एकदमच अंधारखोलीकडं. काळा पडदा बाजूला झाला होता. स्टुडिओच्या बाई चिमट्यांत तीन ओले फोटो धरून उभ्या होत्या, किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता. केस पिकायला लागलेले. हनुवटीवर जराशी डावीकडं काळा ठिपका होता, आणि आतल्या वाफेनं त्याची एक कड ओघळून खाली आली होती.

आतल्या खोलीत म्हाताऱ्या माणसाची खुर्ची करकरली. बाईंनी तिकडं कान दिला, मग मनगटानं हनुवटी टिपली. मनगटाला काळं लागलं.

"खोटं आहे, काका," त्या म्हणाल्या. "अजून रोज सकाळी काढते. बाबांना आता तेवढाच दिसतो."